बालेवाडीची डबल्स

६ फेब्रुवारी २०२२, पुणे, बालेवाडीचं टेनिस स्टेडियम. महाराष्ट्र ओपनची पुरुष डबल्सची फायनल. एका बाजूला रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन, समोर ऑस्ट्रेलियाची जोडी, ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ. बोपण्णा ४१ वर्षांचा, रामकुमार २७ चा, म्हणजे दोघांत चौदा वर्षांचं अंतर, आणि गंमत अशी की ही जोडी टूरवर एकत्र खेळायला लागून जेमतेम महिना झालेला, जानेवारीत ॲडलेडला पहिल्यांदा एकत्र उतरले आणि तिथेच टायटल मारून आले.

पहिला सेट ६-६ असा अडला आणि टायब्रेकमध्ये, म्हणजे सेटचा निकाल लावणाऱ्या जादा गेममध्ये गेला, आणि तो टायब्रेकही संपता संपेना, शेवटी १२-१० नं ऑस्ट्रेलियावाल्यांनी घेतला. असा सेट हातातून गेला की भलेभले खचतात. पण हे दोघं दुसरा सेट ६-३ जिंकले आणि मग आला सुपर टायब्रेक.

आता हे जरा समजून घ्या, कारण डबल्सची सगळी मजा इथे आहे. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरच्या, डबल्समध्ये तिसरा सेट खेळतच नाहीत, त्याच्याऐवजी थेट दहा पॉइंटचा टायब्रेक, हाच सुपर टायब्रेक, फक्त दोन पॉइंटची आघाडी पाहिजे. आणि गेममध्ये ४०-४० झालं की ॲडव्हांटेज वगैरे काही नाही, एकच पॉइंट, जो जिंकेल त्याचा गेम, आणि तो पॉइंट कुठल्या बाजूनं घ्यायचा, म्हणजे दोघांपैकी रिटर्न कोण मारणार, हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. सिंगल्समध्ये एक वाईट गेम गेला तर सावरायला वेळ असतो, इथे दोन खराब शॉट आणि आठवडा संपला, बॅग भरा.

कोर्ट पण बघा. सिंगल्सला २७ फूट रुंद, डबल्सला ३६. दोन्हीकडे साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. पण सर्व्हिस बॉक्स तेवढाच राहतो, तो वाढत नाही, त्यामुळे सर्व्ह करणाऱ्याला जागा जास्त मिळत नाही, उलट त्याचा भिडू नेटजवळ उभा राहून पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, सर्व्ह कुठे टाक आणि मी कुठल्या बाजूला पळणार ते. टीव्हीवर ही खूण दिसते तेव्हा नीट बघत जा, पुढचे दोन सेकंद काय होणार ते तिथेच ठरलेलं असतं.

तर तो सुपर टायब्रेक बोपण्णा-रामकुमारनं १०-६ नं घेतला.

बोपण्णासाठी हे बालेवाडीतलं दुसरं टायटल. पहिलं २०१९ चं, दिविज शरणबरोबर, फायनलमध्ये ल्यूक बँब्रिज आणि जॉनी ओमारा या ब्रिटिश जोडीला ६-३, ६-४ हरवून. बरोबर याच स्कोअरनं बोपण्णा-शरणनं २०१८ मध्ये एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं होतं.

ही स्पर्धा चेन्नईहून २०१८ ला पुण्यात आली, २०२१ ला कोविडमुळे झाली नाही, म्हणजे पुण्यात एकूण पाचच वेळा झाली. लोकांना आठवतात ते बहुतेक सिंगल्सवाले, केविन अँडरसन, मारिन चिलिच, तो सहा फूट अकरा इंचाचा इव्हो कार्लोविच. मोठे खेळाडू आहेत, प्रश्नच नाही. पण माझं मत विचाराल तर या स्पर्धेचा जीव डबल्समध्ये होता, कारण घरच्या कोर्टावर आपला माणूस ट्रॉफी उचलताना दिसला तो फक्त डबल्सला, आणि तरी आपण डबल्सला सिंगल्सच्या आधीचा टाइमपास समजतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

२०२० ला लिएंडर पेस इथे शेवटचा खेळला, निरोपाचं वर्ष म्हणून त्यानं आधीच जाहीर केलं होतं. त्याचा पार्टनर कोण होता माहितीये? ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एबडन. हाच एबडन पुढे बोपण्णाचा पार्टनर झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये दोघांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा, ओपन युगात, म्हणजे १९६८ पासून, ग्रँड स्लॅम जिंकणारा सगळ्यात जास्त वयाचा पुरुष, आणि त्याच स्पर्धेत जगात पहिला नंबर पण पक्का केला.

२०२३ ला परत फायनलमध्ये आपली जोडी होती, श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन, दोघंही तमिळनाडूचे, पण बेल्जियमच्या सँडर जिले आणि योरान फ्लीगननं ६-४, ६-४ असं सरळ हरवलं. त्यानंतर महाराष्ट्र ओपन झालीच नाही. २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीलाच चॅलेंजर स्पर्धा झाली, महाराष्ट्र ओपनच्या एक पायरी खालची, बरेच जण तिथूनच वर येतात म्हणून तीही महत्त्वाचीच.

आणि पुण्याचा अर्जुन काढे. २०१८ ला तो बालेवाडीत घरच्या प्रेक्षकांसमोर सिंगल्स खेळला आणि युकी भांबरीकडून हरला. मग हळूहळू डबल्सकडे वळला. ऑक्टोबर २०२४, कझाकस्तानातलं अल्माटी, एटीपी २५०, म्हणजे महाराष्ट्र ओपनच्याच दर्जाची स्पर्धा, पार्टनर हैदराबादकडचा ऋत्विक बोल्लीपल्ली. पहिला सेट ३-६ गेला, दुसरा टायब्रेकमध्ये कसाबसा वाचवला, आणि सुपर टायब्रेक दहावर थांबेचना, अकरा, बारा, तेरा, शेवटी १४-१२. पुण्याच्या पोरानं एटीपीचं टायटल जिंकलं होतं.