इनामगावची पांढर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गावाकडं जमीन दोनच प्रकारची: काळी पिकवायची, पांढरीवर घरं बांधायची. उठून गेलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडालाही पांढरच म्हणतात. राख, चुना, ढासळलेल्या भिंती मुरून तिथली माती तशी होते. घराच्या धाब्यावर पसरायला लोक ती गाड्या भरभरून नेत. किती इतिहास असा आपल्याच डोक्यावर चढला असेल, देव जाणे!

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली पांढर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात खणली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. निघालं काय, तर इसवीसनपूर्व 1600 ते 700 मधलं अख्खं खेडं. राजवाडा नाही, हंडाभर मोहरा नाहीत. मातीच्या बुटक्या भिंतींची घरं, चुली, पेवं, कुंभाराची भट्टी. पुराचं पाणी वळवून जवाच्या शेताला देण्याची सोयसुद्धा. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराला लागून धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं, असं अभ्यासक मानतात. कोठार कुणाच्या दाराशी, यावरून माणूस ओळखायची रीत तेव्हाचीच म्हणायची!

पण मला थांबवतं ते घरातल्या जमिनीखालचं. तान्हं मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि वर पुन्हा सारवलेली जमीन. त्याच जमिनीवर आई भाकरी थापत असेल. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडत. मेलेल्यानं भूत होऊन भटकू नये, घरातच राहावं, म्हणून असावं असा तर्क आहे.

इसवीसनपूर्व 1000 च्या सुमारास पाऊस आटत गेला, असं ढवळीकरांचं मत. ऐसपैस चौकोनी घरं गेली, एवढ्याएवढ्या गोल झोपड्या आल्या. शेवटी गाव उठलं. मेलेल्यांचे पाय तोडून ठेवले, जित्यांना चालत जावं लागलं.

हे खोदकाम सुरू होतं त्याच वर्षांत 1972 चा दुष्काळ पडला. टेकाडात त्या गोल झोपड्यांचे खळगे, आणि महाराष्ट्रभर गावंच्या गावं खडी फोडायला बाहेर पडलेली, दुपारी ओंजळीत सुकडी घेऊन बांधावर बसलेली.