शिफ्टवरचं बोट काढ

(ड्रोन. आयर्विन पूल, सकाळ, नदीवर धुकं)

हा आमचा आयर्विन पूल, 1929 चा. सांगलीत व्हिडिओ काढायचा आणि हा दाखवायचा नाही म्हणजे पापच, त्यात ड्रोनवाल्यानं शॉट पण असला भारी घेतलाय. पण आज ज्या पुलाची गोष्ट आहे तो आधी दिसतच नाही. येतो त्याच्याकडं.

(विश्रामबाग. जिना. वर बंद दार)

नव्वदच्या दशकात या जिन्यावर चपलांचा ढीग असायचा. वर कॉम्प्युटर क्लास, चपला बाहेर, पाय पुसून आत, आणि आत एसी, तो पण कॉम्प्युटरसाठी, आपल्यासाठी नव्हे. घरचे डॉस, म्हणजे टाईप करून कॉम्प्युटरला हुकूम द्यायची जुनी सिस्टीम, शिकायला पाठवायचे, आणि आम्ही जरा डॉस शिकलो की सरांची पाठ वळायची वाट बघत बसायचो. पाठ वळली की प्रिन्स. प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम.

(क्लोजअप. कीबोर्ड)

ही डावी शिफ्ट बघा. बाकीच्या बटणांना खरखरीतपणा आहे, ही गुळगुळीत झालीय, वरची अक्षरं कधीच गेली. शिफ्ट म्हणजे तलवारीचा घाव. वरचा बाण म्हणजे वार अडवायचा. खालचा बाण म्हणजे तलवार म्यान, आणि हा खालचा बाण लढाईत कोण दाबतंय, म्हणून तो बघा कसा नवाकोरा.

गेमला एकूण साठ मिनिटं, तेवढ्यात जाफर या दुष्ट वजिराच्या तावडीतनं राजकन्या सोडवायची. मेलास तर लेव्हल पहिल्यापासून, घड्याळ मात्र मागं येत नाही. आणि मारायला एकेक नमुने ठेवलेत. तिसऱ्या लेव्हलला हाडांचा ढीग पडलेला असतो, बाहेरचं दार उघडलं की तो सांगाडा उठून उभा राहतो, मग कितीही हाणा, मरतच नाही, आधीच मेलाय ना तो! त्याला रेटत रेटत कडेवरून खाली पाडायचा. हे आमच्या बॅचला कळायला किती दिवस गेले ते सांगायची लाज वाटते. सहाव्या लेव्हलला तो जाड्या. त्याच्या अंगावर पळत गेलात आणि तलवार उपसायच्या आत घाव बसला की एकाच घावात खल्लास.

पण हे सगळे सरळ शत्रू. खरा डाव चौथ्या लेव्हलला सुरू होतो. वाटेत आरसा येतो, त्यातून उडी मारायची, आणि पलीकडून आपलीच सावली निघून पळून जाते. पाचव्याला ती आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते, सहाव्याला तोंडावर दार बंद करते, आणि बाराव्याला तलवार घेऊन समोर उभी.

आता ही सावली आली कुठनं, ते ऐकण्यासारखं आहे. गेम बनवला जॉर्डन मेकनर या एका माणसानं, ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी, 1989 ला बाहेर आला. 1985 ला त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला लावलं, शूटिंग केलं आणि एकेक चित्र काढून कॉम्प्युटरमध्ये घातलं. म्हणून तो प्रिन्स असा माणसासारखा लटकतो, धडपडतो. पण या नादात मेमरी संपली. सुरुवातीला यात तलवारबाजी नव्हतीच, शत्रू घालायला जागाच नव्हती. टोमी पियर्स ही त्याची सहकारी मागंच लागली, लढाई पाहिजे, लढाई पाहिजे. मग त्यानं काय केलं, प्रिन्सचीच चित्रं घेतली, एक बिट, म्हणजे केसभर, सरकवून त्यांच्यावरच अशी चढवली की जुळलेला भाग पुसला जाईल, आणि आतून पोकळ, चमकणारा दुसरा प्रिन्स तयार. जागा फुकट, शत्रू तयार. घरात डाळ नाही म्हणून आमटीत पाणी वाढवावं आणि तीच आमटी सगळ्यात झकास व्हावी, तसला प्रकार. शिपाई नंतर आले, मेमरीत थोडी जागा सापडल्यावर.

(खोली. चालू मॉनिटर. पाठमोरा मित्र, मागं सर)

हा आमच्या बॅचचा गडी. आता चाळिशी पार. मशीन 486, म्हणजे नव्वदच्या दशकातला कॉम्प्युटर, सरांनी घरात जपलेलं. 2019 च्या पुरात दोन मशीन गेली, हे माळ्यावर होतं म्हणून वाचलं.

बारावी लेव्हल. गड्यानं सवयीनं हाणली. सावलीची एक लाईफ गेली, तेवढीच आपली पण गेली. परत हाणली, परत तेच. तिला मारून टाकलं तर आपणच मरतो. काही हुशार लोक 'प्रिन्स मेगाहिट' टाकून गेम चालू करायचे आणि शिफ्ट एल दाबून लेव्हलच उडवायचे, असल्यांना आम्ही या व्हिडिओत घेतलेलं नाही.

सर मागनं म्हणाले, "अरे, शिफ्टवरचं बोट काढ की."
"काढलं सर."
"कुठं काढलंस? दिसतंय मला."

(क्लोजअप. बोट. आवाज फक्त मशीनचा)

खालचा बाण. तलवार म्यान. समोर सावलीनं पण म्यान केली. आता नुसतं तिच्या अंगावर जायचं.

(स्क्रीन. दोघं एक होतात)

आणि आता तो पूल. समोर मोकळी दरी, आणि पळत सुटायचं. पायाखाली एकेक फरशी उमटत जाते, बघा.

पुढं जाफर. मेला. राजकन्या भेटली.

(सर खुर्चीवर. स्क्रीनवर सी प्रॉम्प्ट)

तेव्हा मशीन बंद करायच्या आधी 'पार्क' टाईप करायला लागायचं, नाहीतर हार्डडिस्क खराब होते म्हणून सर ओरडायचे. गड्यानं न विचारता टाईप केलं. पी, ए, आर, के, एंटर.

बॅड कमांड ऑर फाईल नेम. म्हणजे असली कमांडच नाही.

"याला नको रे ते," सर म्हणाले, "कर बंद तसंच."