दुकानाच्या वरचे घर : आयर्लंडमधील ओस पडलेल्या बाजाररस्त्यांविषयी

मित्रहो,

आयर्लंडच्या लहान शहरांतील मुख्य रस्त्यांवरची दुकाने का बंद पडली, या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. लोक ऑनलाइन खरेदी करू लागले, शहराबाहेर प्रशस्त वाहनतळाची सुपरमार्केटे उभी राहिली आणि पिढीजात दुकानदाराचा निभाव लागला नाही, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण त्याने अर्धीच गोष्ट कळते. माझ्या मते या रस्त्यांवर आधी घरे बंद झाली, आणि दुकानांची पाळी त्यानंतर आली.

ही शहरे मुळात कशी वसली, ते पाहावे लागेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला तिथला बाजाररस्ता म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या, दर्शनी बाजू अरुंद पण मागे लांबवर परसू असलेल्या दोन-तीन मजली इमारतींच्या दोन रांगा. खाली दुकान, वर कुटुंब, आणि दारावर रंगवलेले त्या कुटुंबाचे आडनाव. पुष्कळ ठिकाणी पुढे वाणसामानाचे काउंटर आणि त्याच छताखाली मागे दारूचा गुत्ता असे. गुरांचा बाजार भररस्त्यात भरत असे, आणि शेण तुडवत आलेला शेतकरी गुरे विकून हातात आलेल्या पैशांतून त्याच रस्त्यावर चहा, खिळे आणि बूट घेऊन परतत असे. 1950च्या दशकापासून सहकारी तत्त्वावरची गुरांची लिलावकेंद्रे शहरांच्या कडेला उघडली आणि गुरे रस्त्यावरून गेली. रस्ता स्वच्छ झाला, पण दुकानदारांचा हक्काचा दिवस गेला. पुढे हाती पैसा आल्यावर दुकानदारांनीही शहराबाहेर बंगले बांधले. आज देशातील साधारण दर चार घरांपैकी एक घर वस्तीपासून दूर, स्वतःच्या जमिनीवर एकटे उभे आहे. दुकानाच्या वरच्या खोल्यांत आधी खोकी आली, आणि कालांतराने तिथे कोणी फिरकेनासे झाले.

इथे इमारतीची रचनाच आडवी येते. वर जाणारा जिना बहुधा दुकानाच्या आतून जातो. त्यामुळे खालचा गाळा भाड्याने दिला की वरचा मजला तुटतो, आणि वर भाडेकरू ठेवायचा तर आधीच अरुंद असलेल्या दर्शनी भागातून दुसरे दार व जिना काढावा लागतो, शिवाय अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. रिकाम्या व्यापारी जागेचे घरात रूपांतर करण्यासाठी 2018 पासून नियोजन परवानगीची अट शिथिल झाली, पण अग्निसुरक्षेचे नियम कायम राहिले, आणि ते राहायलाच हवेत. मालक वारला की वारस डब्लिन, लंडन, बोस्टन असे विखुरलेले. वाटणी होत नाही, विकण्याची निकड नसते, आणि इमारत नुसती पडून राहिली तर कोणाच्या खिशाला फारशी झळही लागत नाही.

सरकारने या ओघाला उतार दिला, असे मी जबाबदारीने म्हणतो. 1998 मध्ये सुरू झालेल्या अप्पर शॅनन ग्रामीण नूतनीकरण योजनेने लीट्रिम, लाँगफर्ड आणि लगतच्या भागांत घरबांधणीला करसवलती दिल्या. त्यातून शहरांच्या कडेच्या कुरणांवर वसाहती उभ्या राहिल्या आणि 2008 च्या मंदीनंतर त्यांतल्या अनेक अर्धवट, निर्मनुष्य राहिल्या. त्यानंतर पोलीस ठाणी, टपाल कार्यालये आणि 2021 मध्ये बँकांच्या शाखा मोठ्या संख्येने बंद झाल्या. त्याहून मोठी हानी 2014 ची. त्या वर्षी 80 नगरपरिषदा बरखास्त झाल्या, आणि आपल्या मुख्य रस्त्याची रोजची काळजी वाहणारी निवडून आलेली संस्थाच या शहरांना उरली नाही.

टिपररी हे पाच हजारांच्या आसपास लोकवस्तीचे शहर याचे बोलके उदाहरण आहे. संपूर्ण काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, त्याचे नाव आहे, पण काउंटीचा कारभार क्लॉनमेल आणि नीना येथून चालतो. 2018 मध्ये इथले हजारो नागरिक आपल्या शहराच्या अवकळेविरुद्ध रस्त्यावर उतरले. उत्तरेला डॉनेगल काउंटीतील बॅलीबोफे या शहराची अवस्था आकड्यांत अधिक वाईट आहे. देशभरात सात व्यापारी गाळ्यांपैकी साधारण एक रिकामा असतो, तर तिथे अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. लेटरकेनीच्या मोठ्या बाजारपेठेत गाडीने सहज जाता येते, हे त्याचे एक कारण.

फेब्रुवारी 2022 मध्ये ‘टाउन सेंटर फर्स्ट’ (आधी शहराचा मध्यभाग) हे सरकारी धोरण आले आणि त्याच वर्षी रिकाम्या मालमत्तांच्या दुरुस्तीसाठी अनुदान सुरू झाले. मे 2023 मध्ये, म्हणजे ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, ते लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना, हे अनुदान रिकाम्या घरासाठी 50,000 आणि मोडकळीस आलेल्या घरासाठी 70,000 युरोपर्यंत वाढवण्यात आले. मला ही योजना आवडते, कारण तिने प्रथमच राहत्या माणसाला केंद्रस्थानी ठेवले. मात्र पैसे काम झाल्यावर हाती पडणार, तर आधीची गुंतवणूक करण्याची ऐपत तरुण जोडप्याने आणायची कुठून? शिवाय रूपांतराची एक वाट मला अस्वस्थ करते. वरचा मजला अवघड म्हणून तळमजल्याच्या दुकानाचीच बैठकीची खोली केली, तर दर्शनी काचेला कायमचा पडदा लागतो. असे चार-सहा पडदे सलग लागले की उरलेल्या दुकानांसमोरून चालत जाण्याचे कारणही कमी होते. म्हणून खाली दुकान आणि वर घर हा जुना मेळ राखणाऱ्याला अधिक पैसे मिळायला हवेत.

अनुदानासोबत आकारणीही हवी. पडीक जागांवर बाजारभावाच्या 7 टक्के वार्षिक आकार घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण अनेक काउंटी परिषदांनी वर्षानुवर्षे जवळजवळ काहीच वसूल केले नाही. लहान ठिकाणी मालक ओळखीचा असतो, निवडणुकीत त्याचे मत हवे असते, हे उघड आहे. ही वसुली महसूल खात्याकडे सोपवण्याचा निर्णय मला म्हणूनच योग्य वाटतो.

सावरलेल्या शहराचे उदाहरण म्हणून वेस्ट कॉर्कमधील क्लोनाकिल्टीचे नाव नेहमी घेतले जाते. तिथे पदपथ रुंद झाले, चौकाची फेररचना झाली, हाताने रंगवलेल्या पाट्या जपल्या गेल्या, आणि 2017 मध्ये ब्रिटन व आयर्लंडमधील सर्वोत्तम लहान शहराचा मानही मिळाला. पण क्लोनाकिल्टीला समुद्र आहे, पर्यटक आहेत. टिपररीच्या मुख्य रस्त्यावरून एन-24 हा राष्ट्रीय मार्ग जातो आणि लिमरिक-वॉटरफर्डची अवजड मालवाहतूक घरांच्या खिडक्यांना खेटून धावते. शहराला वळसा घालणारा रस्ता लोक कित्येक वर्षे मागत आहेत, तो अजून झालेला नाही. तोवर दुकानाच्या वरची खोली कितीही अनुदान घेऊन दुरुस्त केली, तरी तिथे तान्हे मूल झोपवायला कोणते आईबाप तयार होतील, याचे उत्तर त्या धोरणाच्या कागदांत मला सापडत नाही.