कुंडी उचलल्यावर

नमस्कार. मी बारीक किड्यांचे अगदी जवळून फोटो काढते, आणि आल्याआल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: "मॅडम, लेन्स कुठली?" सांगते, पण आधी कुंडी उचलू.

साताऱ्याला आमच्या घरामागे जास्वंदीची एक जुनी मातीची कुंडी आहे. पावसाळ्यात ती जरा तिरकी केली की खाली ओलं वर्तुळ दिसतं. एखादं गांडूळ, वेटोळं करून बसलेला पैसा, आणि मग बारीक भुरके ठिपके टणाटण उडतात. पिसवा आहेत असं समजून मी कित्येक वर्षं त्यांच्यावर पाणी ओतत होते! पिसवा नव्हेत, ते स्प्रिंगटेल. लांबी मिलिमीटर-दीड मिलिमीटर, पाय सहा, तरी आता त्यांना कीटकांत धरत नाहीत. पोटाखाली दुमडलेला एक दुबेळका असतो, तो सुटला की प्राणी हवेत. स्कॉटलंडमध्ये त्यांचे साधारण चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडलेत. म्हणजे डायनोसॉर यायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी ओल्या पाचोळ्यात बुरशी चरताहेत.

आता हिशोब बघा. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स 1:1 म्हणजे किडा जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या मापाचा, सेन्सर 36 मिलिमीटर रुंद, आपला प्राणी दीड मिलिमीटर. चोवीस जण ओळीने उभे केले तर फ्रेम भरेल. म्हणून मी उलटी लेन्स वापरते. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली 28 मिलिमीटरची लेन्स एका रिंगने कॅमेऱ्यावर पाठमोरी बसवली, की प्रतिमा सुमारे दुप्पट मोठी मिळते. लेन्स जुनीच घ्या, जिच्यावर अ‍ॅपर्चरची रिंग, म्हणजे प्रकाश आत येतो ते भोक लहान-मोठं करायची कडी, आहे अशी. नव्या लेन्सला बहुधा ती नसते, आणि उलटी लावल्यावर अ‍ॅपर्चर ताब्यात राहत नाही.

एवढं मोठं केलं की फोकसमध्ये राहणारा पट्टा एफ-8 ला (हा त्या भोकाच्या मापाचा आकडा) अर्धा मिलिमीटरसुद्धा उरत नाही. डोळा धारदार आला तर शेपूट धुरकट. अ‍ॅपर्चर आणखी बारीक केलं तर पट्टा वाढतो, पण सगळंच चित्र मऊ पडतं. फोकसची रिंग फिरवत बसायचं नाही. आपणच कणभर पुढे-मागे झुलायचं. डाव्या हाताच्या चिमटीत पानाचा देठ धरायचा आणि लेन्स त्याच हातावर टेकवायची. मग वारा आला तरी पान आणि कॅमेरा एकत्र हलतात. या एका युक्तीने माझे जेवढे फोटो वाचले, तेवढे कुठल्याही महागड्या वस्तूने वाचले नाहीत. शेजारच्या काकू मात्र अजून विचारतात, "काय गं, कानातलं हरवलं का?"

लेन्सपेक्षा जास्त डोकं खातो तो प्रकाश. एवढ्या जवळ आपलीच सावली पडते, म्हणून फ्लॅश हवाच. कमी ताकदीवर तो दहा हजारांश सेकंदाहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे हाताची थरथर दिसत नाही. पण नुसता फ्लॅश मारला तर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो, आणि ते चकचकीत लाल कवच स्टीलच्या वाटीसारखं दिसतं. वेफर्सचा पुठ्ठ्याचा डबा कापून फ्लॅशवर चढवा. तो आतून चंदेरी असतोच. तोंडाला पॅकिंगचा पांढरा फोम लावा आणि ते तोंड किड्याच्या अगदी डोक्यावर आणा. प्रकाशाचं तोंड किड्याच्या मानाने जेवढं मोठं, तेवढी सावली मऊ. माझा डबा दोनदा भिजून गळाला, तिसरा आज बरोबर आणलाय.

मृगाचा किडा बहुतेकांनी लहानपणी काडेपेटीत ठेवला असेल. सातजूनच्या आसपास पहिला पाऊस झाला की लाल मखमलीचा गोळा चालत येतो. आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या नात्यातला. याचे माझे पहिले सगळे फोटो वाया गेले. लाल रंग इतका गडद की सेन्सरचा लाल भाग आधीच भरून जातो आणि केसाकेसाची मखमल जाऊन नुसता कुंकवाचा डाग उरतो. स्क्रीनवर फोटो ठीक वाटत होते, ही खरी फसगत! आता मी फ्लॅश बराच कमी ठेवते आणि लाल रंगाचा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, वेगळा बघते.

काही जण किड्याला फ्रिजमध्ये गार करून सुस्त करतात. मला तो प्रकार मान्य नाही, आणि असा फोटो ओळखू येतो. पाय पोटाशी ओढलेले, बसणं अवघडलेलं. उडी मारणारा कोळी जिवंत असताना काय करतो बघा: तुम्ही लेन्स आणली की तो वळून समोरचे दोन मोठे डोळे तुमच्यावर रोखतो. बाहेरून डोळा स्थिर, पण आतला पडदा हलतो. त्यामुळे तोच डोळा एका फोटोत काळाभोर आणि पुढच्यात तपकिरी येतो. गोल स्प्रिंगटेल तर मी एकदा आंघोळ करताना पकडला. पोटाखालच्या नळीतून त्याने ओली, पारदर्शक दोरी बाहेर काढली, पाठीवरून फिरवली आणि परत आत घेतली. अकरा फोटो काढले, एकच बरा आला. त्यातही डोळा धूसर आहे. तरी तोच भिंतीवर लावलाय.

असो. व्हरांड्यात कुंडी ठेवली आहे, कालपासून ओली. मागच्या रांगेतले दोघं आधी या. बाकीच्यांनी जरा लांब थांबा, आणि कुंडी उचलताना कुणी शिंकू नका.