वीज गेली म्हणून वाचलं

श्रोतेहो, नमस्कार.

२३ डिसेंबर २०१५ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीचा नियंत्रण कक्ष. पडद्यावरचा माऊसचा बाण आपसूक सरकू लागला आणि ऑपरेटर नुसता बघत राहिला. बाण एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडत होता, उपकेंद्रं बंद पडत होती. त्या दिवशी तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. बाण दुरून हलवणारा चोर, म्हणजे हॅकर, कंपनीच्या संगणकांत शिरला होता कित्येक महिने आधी, ईमेलसोबत आलेली एक फाइल कुणीतरी उघडली तेव्हा.

वीज काही तासांतच परत आली. मला या घटनेतला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि हातानं ब्रेकर जोडून आले. यंत्रणा जुनी होती, हातानं चालवता येत होती आणि चालवायला माणसंही होती. अगदी अद्ययावत यंत्रणेत हे जमेलच असं नाही.

पाण्याचे पंप, रेल्वेचे सिग्नल, रुग्णालयातल्या नोंदी, बँकांचे व्यवहार, सगळं आता संगणकाच्या भरवशावर. संगणकाला वीज लागते आणि विजेच्या जाळ्याला संगणक. एक कोसळला की दुसऱ्याला घेऊनच खाली येतो. त्यासाठी शत्रूच हवा असंही नाही. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरचाच अपडेट चुकला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. राखणदारच दारात आडवा पडला म्हणा ना! काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले.

पासवर्ड हवेतच, घुसखोराला अडवणारी फायरवॉलही हवी. पण बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, आहे असं कुणी सांगितलं की मी विचारतो, तो संगणकांच्या जाळ्याला जोडलेला आहे का? जोडलेला असेल तर तो मूळ माहितीबरोबरच जातो. जून २०१७मध्ये नॉटपेट्या या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं. कंपनीच्या जाळ्याची किल्ली असलेले सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते, एकमेकांच्या प्रती सांभाळत. सगळे पुसले गेले. वाचला एकच, घानामधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती!

यंत्रणा पुन्हा उभी करायचं काम ब्रिटनमध्ये चाललं होतं. घानातून तिथं इंटरनेटवरून माहिती पाठवायला फार दिवस लागले असते आणि घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकजण ती हार्ड डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, विमानतळावरच ती दुसऱ्याच्या हातात ठेवली आणि तो दुसरा लंडनच्या विमानात बसला.