वजन भिंतीत उतरतं तेव्हा

(दृश्य: बाथरूमची उघडी भिंत. टाइल्स अजून लागायच्या आहेत.)

सुतारानं अजून हत्यारांची पिशवी उघडलेली नाही. बोटाच्या पेरानं तो भिंत वाजवून बघतोय. एके ठिकाणी भरीव आवाज येतो, हातभर बाजूला पोकळ. पोकळ जागेवर तो पेन्सिलीनं फुली मारतो.

या भिंतीवर व्हॅनिटी युनिट, म्हणजे बेसिन आणि त्याखालचं कपाट, बसणार आहे. त्याला पाय नाहीत, ते जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंच असेल आणि वर ग्रॅनाइटची लादी. खालची फरशी सलग दिसते, फडकं कोपऱ्यापर्यंत फिरतं, लहान बाथरूमही मोठं वाटतं. म्हणून आजकाल सगळ्यांना असंच युनिट हवं असतं. पण पाय काढून घेतले की पायांचं काम कोणाला तरी करावंच लागतं.

आधी वजनाचा हिशेब करू. ग्रॅनाइटचं एका घनमीटरला वजन साधारण २७०० किलो. म्हणजे १२० सेंटिमीटर लांब, ५५ सेंटिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड लादी ३५ किलोच्या आसपास भरते. त्यात बेसिन आलं, प्लायची पेटी, ड्रॉवर आणि त्यांचे चॅनल, आत भरलेल्या बाटल्या, बेसिनमधलं पाणी. बेरीज १०० किलोच्या घरात सहज जाते. शिवाय तोंड धुताना कोणीतरी दोन्ही तळवे पुढच्या कडेवर टेकून आरशात वाकून बघणारच. त्याचे आणखी ५० किलो धरा.

(दृश्य: कागदावर युनिटची बाजूची आकृती, बाण काढणारा हात.)

युनिट सरळ खाली घसरेल ही भीती फारशी खरी नाही. खरा धोका वरच्या बोल्टना असतो. भरलेली बादली छातीशी धरा, मग तीच हात लांब करून धरा. वजन तेवढंच, पण खांदा भरून येतो. इथे खांदा म्हणजे वरचे बोल्ट. युनिटचं १०० किलो वजन भिंतीपासून साधारण २७ सेंटिमीटरवर एकवटलेलं असतं आणि टेकणाऱ्या माणसाचे ५० किलो थेट ५५ सेंटिमीटरवर. वरचे बोल्ट आणि युनिट पेलणाऱ्या फ्रेमची खालची कड यांच्यात ३५ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टवर बाहेरच्या दिशेनं येणारी ओढ दीडशे किलोच्या पुढे जाते. खालची कड उलट भिंतीत रुतू पाहते. वर-खाली अंतर जितकं जास्त, तितकी ही ओढ कमी. म्हणून दगडाखाली नुसती पट्टी मारून भागत नाही, ब्रॅकेटचा, म्हणजे भिंतीवरच्या आधाराचा, उभा पाय लांब असावा लागतो.

हा धडा आमच्या घरात आधीच्या युनिटनं शिकवला. ते लावल्यावर चारेक महिन्यांनी लादी आणि टाइल यांच्यात केसाएवढी फट दिसली. आम्ही ती सिलिकॉननं बुजवली. ती पुन्हा उघडली आणि या वेळी तिच्यात पोस्टकार्ड सरकत होतं. मग मात्र सगळं उतरवलं. स्क्रू होते ५० मिलिमीटरचे. त्यातले १८ प्लायच्या पाठीत गेलेले, ९ टाइलमध्ये, १८ प्लास्टरमध्ये. विटेच्या वाट्याला आले ५ मिलिमीटर. एवढ्यावर ते युनिट चार महिने टिकलं कसं, याचंच आश्चर्य वाटतं. फट बुजवण्याऐवजी ती का पडली हे तेव्हाच बघायला हवं होतं.

टाइल आणि प्लास्टर भार घेत नाहीत. अँकरची, म्हणजे भिंतीत धरून राहणाऱ्या बोल्टची, लांबी मोजायची ती त्यांच्या पलीकडे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये. भरीव काँक्रीट असेल तर भोकात फुलून घट्ट बसणारा एक्स्पान्शन अँकर उत्तम धरतो. हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकमध्ये तोच अँकर फुलताना ब्लॉकचा भुगा करतो. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट मसाला भरून बसवलेला रॉड) तरी हवा, नाहीतर आरपार बोल्ट आणि पलीकडे रुंद प्लेट. पोकळ ब्लॉक असतील तर केमिकल जाळीच्या नळीतून भरायचं, नाहीतर ते पोकळीत वाहून जातं. आणि जिप्सम बोर्डाची भिंत असेल तर बोर्ड लागण्याआधीच आतल्या उभ्या पट्ट्यांच्या मध्ये आडवं लाकूड किंवा स्टील घालून घ्यावं. त्यामुळे हे सगळं टाइल्स लागण्याआधी ठरलं तर निम्मी डोकेदुखी वाचते. पाइप कुठून गेलेत, वायर कुठून गेल्यात, याचा भिंत उघडी असतानाच फोटो काढून ठेवा.

(दृश्य: अगदी जवळून. ड्रिलचं भोक, त्यातून पडणारी लाल भुकटी.)

भोक पडलं. आता सुतार घाई करत नाही. आधी हातपंपानं फुंकर मारतो, मग गोल ब्रश आत घालून फिरवतो, पुन्हा फुंकर. लाल धूर निघतो. पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकर. तिसऱ्या वेळी काही बाहेर येत नाही, तेव्हा तो थांबतो. भोकात भुकटी राहिली तर केमिकल विटेला न चिकटता भुकटीला चिकटतं, आणि बाहेरून ते कधीच दिसत नाही. मग नळीचं टोक तळाशी टेकवून भोक आतून बाहेर भरत आणायचं, आटे असलेला रॉड फिरवत आत ढकलायचा. कडेनं थोडा मसाला बाहेर डोकावला पाहिजे. डब्यावर लिहिलेला वेळ भरेपर्यंत नटला हात लावायचा नाही. गारठा असेल तर हा वेळ वाढतो.

फ्रेम चौकोनी पाइपची आहे, चार हातांची. दोन हात टोकांना, दोन बेसिनच्या दोन्ही बाजूंना. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो, म्हणून तिथे झिंक प्रायमर मारलाय. या फ्रेमवर दगड थेट बसेल. प्लायची पेटी खालून येऊन फ्रेमला अडकेल, दगडाचा भार तिच्यावर येणार नाही. माझ्या मते अख्ख्या कामातला हा एकच निर्णय हट्टानं धरावा. प्लाय पाणी पितो तो कडेनं. मरीन प्लाय असला तरी प्रत्येक कापलेली कड, पाइपसाठी पाडलेलं भोकसुद्धा, सील करावं लागतं. आणि एवढं करूनही कधी ओल शिरलीच, तरी दगड जागचा हलत नाही.

(दृश्य: फ्रेमवर वाळूच्या गोण्या.)

लादी येण्याआधी फ्रेमवर वाळूच्या गोण्या रात्रभर ठेवल्या. सकाळी लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा होता तिथेच होता.

दगड दाब सोसतो, वाकणं त्याला सोसत नाही. बेसिनच्या कटआउटपुढे उरलेली अरुंद पट्टी ही त्याची सर्वांत नाजूक जागा. कटआउटचे कोपरे काटकोनात कापले की तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून ते गोलाई देऊन कापलेत. आणि लादी उचलायची ती काचेसारखी उभी धरून. आडवी उचलली तर ती स्वतःच्याच वजनानं त्या पट्टीवर मोडू शकते.

लादी टेकली. आता सुतार दगड आणि पाइप यांच्यामध्ये कागदाची चिंधी सरकवतो. तीन हातांवर चिंधी जात नाही. चौथ्यावर अलगद आत जाते. म्हणजे दगड तिथे टेकलेलाच नाही. पातळ पट्टी घालून तो ती दरी भरतो, चिंधी पुन्हा सरकवून बघतो. मग लादी उचलून सिलिकॉनचे ठिपके, न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरासारख्या दगडाला डागाळतं. भिंतीलगतची फटही सिलिकॉननंच भरायची. तिथे सिमेंट भरलं तर जरा हालचाल झाली की चीर पडते.

बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (नाल्याचा वास अडवणारा भाग) लागतो, पाण्याचे अँगल कॉक उघडतात. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं जातं. ट्रॅपच्या प्रत्येक जोडाभोवती गुंडाळलेला टिशू कोरडा आहे.

सुतार खिशातून पेन्सिल काढतो. लादीच्या खालच्या कडेला लागून टाइलवर, सहज दिसणार नाही अशा जागी, एक बारीक रेघ ओढतो. महिन्याभरानं तो ती बघायला येणार आहे.