मागच्या फळीतली माणसं

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्याच्या उकाड्यात घाटावर येऊन फुटबॉलवरचं व्याख्यान ऐकायला एवढी गर्दी होईल, असं संयोजकांनाही वाटलं नसावं. आपल्या नाशकात पोरगं चेंडू उचलतं ते गोलंदाजी टाकायला. कोल्हापूरची गोष्ट निराळी. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. आपल्याकडे तो नाद नाही, म्हणून जरा मुळापासून सांगतो. आणि सांगणार आहे ते गोल करणाऱ्याबद्दल नाही, गोल होऊ न देणाऱ्याबद्दल. मुंबईच्या मैदानांवर त्याला स्टॉपर म्हणतात. कडेला खेळतात ते फुल बॅक.

हा माणूस नेमकं करतो काय? लोकांना वाटतं, अंगावर जातो, पाय घालतो, चेंडू लांब भिरकावतो. नवशिका तेच करतो. समजा, समोरून विंगर, म्हणजे कडेने हल्ला चढवणारा खेळाडू, चेंडू घेऊन सुसाट येतोय आणि मागे तुम्ही एकटेच. नवखा मुलगा छाती पुढे काढून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभा राहतो. विंगर दोन पायांमधून चेंडू काढतो आणि विषय संपतो. जाणता खेळाडू अंग तिरकं ठेवतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, मध्ये दोन पावलांचं अंतर, आणि तसाच मागे मागे सरकत जातो. नजर चेंडूवर. समोरचा खांदे हलवून हूल देतो, तिकडे तो बघतसुद्धा नाही. त्या तिरकं उभं राहण्यातच सगळा डाव आहे. मधली वाट झाकायची, कडेची उघडी ठेवायची. विंगर आपणहून साइडलाइनकडे जातो. तिथून गोल दिसतो, पण मारणं कठीण. एवढ्यात तीन-चार सेकंद गेलेले असतात आणि आपला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, धावत मागे पोचलेला असतो. टॅकल नाही, टाळी नाही, पण काम झालं.

तुमच्यापैकी कबड्डी खेळलेले बरेच असतील. चढाईवाला बोनस रेषेपाशी पाय नाचवतो, तेव्हा पहिल्याच हुलकावणीला घोट्यावर झेपावणारा कोपरारक्षक फसतो. जो दम धरतो, त्याला पकड मिळते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की स्टॉपर आयुष्यभर एकच गोष्ट शिकत असतो: अंगावर केव्हा जायचं नाही. आणि ही गोष्ट विशीत येत नाही. म्हणूनच या जागेवरचं करिअर उशिरा पिकतं आणि लांबतं. इंग्लंडचा जॅक चार्लटन देशाकडून पहिला सामना खेळला, तेव्हा त्याला तिशी गाठायला जेमतेम महिना उरला होता. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, तो विश्वविजेता होता. पाओलो माल्दिनी सोळाव्या वर्षी, जानेवारी १९८५ मध्ये इटलीच्या मिलान क्लबकडून उतरला आणि २००९ मध्ये निवृत्त झाला. एकच क्लब, ९०२ सामने. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत खेळला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. फॉरवर्डचा, म्हणजे पुढे राहून गोल करणाऱ्याचा, वेग तिशीनंतर हळूहळू जातो आणि तो गेला की फारसं हाती उरत नाही. स्टॉपरचाही जातो, पण त्याला पळावं कमी लागतं, कारण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळलेलं असतं.

ब्राझीलच्या थियागो सिल्व्हाचं तर ऐकाच. २००५ मध्ये मॉस्कोत असताना त्याला क्षयरोग झाला. महिनोन्‌महिने दवाखान्यात. तिथून उठून तो ब्राझीलचा कप्तान झाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत इंग्लंडच्या चेल्सी क्लबसाठी खेळला.

मात्र नियम बदलला की धंदाच बदलतो. १९९० चा विश्वचषक आठवतोय का कुणाला? सामन्यामागे सरासरी २.२१ गोल, विश्वचषकातला आजवरचा नीचांक. एकदा आघाडी मिळाली की स्टॉपर चेंडू मागे गोलीला, म्हणजे गोलकीपरला, देई, गोली हातात उचली, परत टाकी, पुन्हा तेच. बघणाऱ्याला झोप यायची. मग १९९२ मध्ये नियम आला, की आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलीने हातात घ्यायचा नाही. नुसता दांडगा, डोक्याने मारणारा, पाय कच्चा असलेला स्टॉपर इथून अडचणीत आला. आज त्याला पासिंग येत नसेल तर वरच्या दर्जाचा क्लब त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

भाव मात्र फार उशिरा वाढला. २०१७ मध्ये ब्राझीलच्या नेमार या फॉरवर्डसाठी २२.२ कोटी युरो मोजले गेले. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने स्टॉपर व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड दिले. डिफेंडरसाठी, म्हणजे मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी, तो तेव्हाचा विक्रम होता आणि लोकांनी डोक्याला हात लावला होता. पुढच्या वर्षी लिव्हरपूल युरोपचा विजेता झाला, तेव्हा हात खाली आले. बॅलन डी'ओर हा जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब १९५६ पासून दिला जातो. पुरुषांमध्ये तो मिळालेले डिफेंडर तीन: बेकेनबाउअर दोनदा, १९९६ मध्ये झामर आणि २००६ मध्ये कान्नावारो. त्यातले दोघे जर्मन मागून चेंडू घेऊन पुढे घुसणारे. निव्वळ अडवण्यासाठी म्हणाल तर माझ्या हिशेबात एकटा कान्नावारो, आणि त्याची उंची पाच फूट नऊ इंच.

आपल्या देशाकडे येऊ. १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धा. जर्नेल सिंग हा आपला खंदा स्टॉपर. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी काय करावं? त्याला बसवलं नाही, पुढे फॉरवर्ड म्हणून उतरवलं! उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध, सगळं स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत असताना, पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नेलने एक, असे दोन गोल करून आपण सुवर्णपदक आणलं. त्यानंतर आजतागायत ते पुन्हा मिळालेलं नाही. पण बघा, जर्नेल सिंगची आठवण निघते ती त्या गोलाची. वर्षानुवर्षं त्याने जे अडवलं, ते कुणाच्या लक्षात नाही.

आपल्याकडे खेळाडूचं करिअर फक्त दुखापतीने संपत नाही, क्लबच मिटतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. पंजाबचा जेसीटी हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, तोही २०११ मध्ये गुंडाळला. दुखापतीचं म्हणाल तर आपला स्टॉपर संदेश झिंगन घ्या. २०१४ च्या पहिल्या आयएसएलमधला, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला, उदयोन्मुख खेळाडू. २०१९ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, अख्खा हंगाम घरी. तरी परत आला आणि पुढे क्रोएशियातल्या क्लबपर्यंत जाऊन आला.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर फ्रँको बारेसी सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय झालाय असं मला नेहमी वाटतं. १९९४ चा विश्वचषक, इटलीचा कप्तान, वय ३४. नॉर्वेविरुद्ध गुडघ्यातली कूर्चा फाटली, शस्त्रक्रिया झाली. जेमतेम साडेतीन आठवड्यांत हा गडी कॅलिफोर्नियाच्या भर दुपारच्या उन्हात अंतिम सामन्याला उभा! समोर ब्राझीलचे फॉरवर्ड रोमारिओ आणि बेबेटो. १२० मिनिटं, गोल शून्य. मग पेनल्टी. पहिली बारेसीने घेतली, ती बारच्या वरून गेली. तो मैदानावर रडला. दोन तास त्याने त्या दोघांना कसं बांधून ठेवलं, ते मात्र कुणी दाखवत नाही. दाखवतात ते इटलीच्याच बाजिओची हुकलेली शेवटची पेनल्टी आणि फार तर बारेसीचे अश्रू.

आता जरा कडू बोलतो. स्टॉपर डोक्याने खेळतो, अगदी शब्दशः. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला, की स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी त्यांचा मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये मैदानावरच्या जागांनुसार फोड केली. हे आजार जडण्याचा धोका गोलींना जवळपास इतर माणसांइतकाच, डिफेंडरना सुमारे पाच पट. हेडिंगनेच, म्हणजे डोक्याने चेंडू मारल्यानेच, हे होतं असं अजून सिद्ध व्हायचंय, पण संशय तिकडेच जातो. मघाशी ज्याचं कौतुक केलं तो जॅक चार्लटन २०२० मध्ये गेला, स्मृतिभ्रंश होता. त्याच विश्वविजेत्या संघातला लेफ्ट बॅक रे विल्सन २०१८ मध्ये गेला, त्यालाही तेच. हा विल्सन खेळ सोडल्यावर अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत असे. विश्वविजेता माणूस! तेव्हाच्या फुटबॉलमध्ये पैसा किती होता, ते यावरून कळावं.

इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नका, अशी सूचना आहे. २०२१ पासून मोठ्यांनाही आठवड्याच्या सरावात जोरदार हेडर दहाच्या वर नकोत, असं सांगितलंय. आपल्याकडच्या सुट्टीतल्या शिबिरांमध्ये दहा वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करून डोक्यावर चेंडू मारताना मी पाहतो, आणि शेजारी आईबाप मोबाइलवर व्हिडिओ काढत असतात.

एका आजींची चिठ्ठी आली आहे: "नातू बारा वर्षांचा आहे, उंच आहे, सर त्याला स्टॉपर खेळवतात, खेळू द्यावं का?" आजी, खुशाल खेळू द्या. सरांना दोन गोष्टी विचारा. सरावात हेडर किती मारायला लावता, आणि अजून दोन-तीन वर्षं त्याला हाफलाही खेळवाल का, म्हणजे पाय तयार होतील. माल्दिनी उजव्या पायाचा होता आणि बरीच वर्षं डावीकडे खेळला, ते पाय लहानपणी तयार झाल्यामुळेच असणार. दोन्हींना नीट उत्तर मिळालं तर सर चांगले आहेत. "तुम्हाला काय कळतं" म्हणाले, तर शिबिर बदला. दुसरी चिठ्ठी ऑफसाइडबद्दल आहे. तिला फळा आणि खडू लागेल, ते गृहस्थ खाली भेटा.